टॉलीगंजचे तेरा डबे

तो तपास आठवायला मला आजही जुनी डायरी उघडावी लागत नाही. नोकरीत पुढे खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीही पाहिल्या. पण तुमची सगळ्यांत समाधानाची केस कोणती, असे कुणी विचारले की मला टॉलीगंजच्या एका स्टुडिओतली लोखंडी दाराची खोली आठवते. त्या प्रकरणात रक्ताचा थेंब सांडला नाही की गोळी सुटली नाही. तरीही त्या नऊ दिवसांत एका म्हाताऱ्याची अब्रू आणि एका बाईंचे आयुष्यभराचे काम, दोन्ही पणाला लागली होती. त्या माणसांपैकी आज फारसे कुणी हयात नाही. जे आहेत त्यांना त्रास नको, म्हणून नावे देत नाही.

आधी माझ्याविषयी थोडे. माझे वडील रेल्वेच्या गार्डन रीचच्या कचेरीत होते. बेहालाला त्यांनी छोटे घर बांधले आणि मी कलकत्त्यातच जन्मलो, वाढलो. घरात मराठी आणि दाराबाहेर बंगाली, असा आमचा कारभार. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षे झाली होती आणि मी डिटेक्टिव्ह खात्यात सब-इन्स्पेक्टर होतो. सहकारी मला 'बर्गी' म्हणत. बंगालमधल्या आया अजूनही मुलांना मराठ्यांच्या स्वाऱ्यांची भीती घालून झोपवतात, त्यावरून ही थट्टा. मला तिचा राग कधी आला नाही. परका समजला जाणारा माणूस जास्त ऐकतो आणि लोकही त्याच्यासमोर जास्त बोलतात, हा फायदा मी पुरेपूर घेतला. या हकिगतीतले बहुतेक बोलणे बंगालीत झाले. मी ते मराठीत लिहितो आहे.

चैत्रातला मंगळवार होता. सकाळी साडेनऊला त्या स्टुडिओचा मॅनेजर फिर्याद घेऊन ठाण्यावर आला आणि दुपारी तपास माझ्याकडे आला. एका तयार चित्रपटाची मूळ निगेटिव्ह बंद तिजोरीखोलीतून नाहीशी झाली होती. नोंदवहीप्रमाणे एकूण चौदा डबे. कुलूप शाबूत होते, दारावर ओरखडाही नव्हता.

हा चित्रपट ज्या बाईंचा, त्यांना सगळा टॉलीगंज 'दीदी' म्हणत असे. मीही इथे तेच म्हणतो. नवव्या वर्षी रंगभूमीवर आलेल्या, सोळाव्या वर्षी पडद्यावर गेलेल्या आणि पुढची वीस वर्षे बंगालमध्ये ज्यांचा फोटो नाही असे पानाचे दुकान सापडणे कठीण, अशा त्या नटी. चाळिशीकडे झुकल्यावर त्यांनी स्वतःची संस्था काढली, त्या स्टुडिओत जागा भाड्याने घेतली आणि स्वतः दिग्दर्शन करून चित्रपट पुरा केला. बाईमाणूस दिग्दर्शन करणार म्हणजे काय करणार, असे उघड बोलणारे लोक होते. चित्रपट तीन आठवड्यांनी लागायचा होता. निगेटिव्हवरून प्रिंट काढायचे काम पुढच्या आठवड्यात सुरू होणार होते. म्हणजे ती निगेटिव्ह गेली की चित्रपटच गेला. कामापुरती काढलेली एक प्रत होती, पण ती कापून, जोडून, ओरखडे पडून दाखवण्याच्या लायकीची राहिली नव्हती.

तिजोरीखोलीच्या दोन किल्ल्या होत्या. एक स्टुडिओच्या मालकांच्या कपाटात आणि दुसरी तिजोरीखोली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याच्या जानव्याला. या म्हाताऱ्याला सगळे काकाबाबू म्हणत. बावीस वर्षे ते त्या खोलीचे राखणदार होते. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा आत जाऊन भिंतीवरचे तापमान वहीत लिहायचे, डबे पुसायचे, खोलीतला पंखा चालू आहे ना ते पाहायचे, हे त्यांचे काम. आदल्या दिवशी, म्हणजे सोमवारी दुपारी, मॅनेजरने त्यांना एक पत्र देऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवले होते. परत येईपर्यंत स्टुडिओ बंद झालेला. मंगळवारी सकाळी दार उघडले तर फळी रिकामी.

मी स्टुडिओत पंचनामा करत होतो, तेवढ्यात ठाण्यावर एक निनावी फोन आला. ड्युटीवरच्या अधिकाऱ्याने तो नियमाप्रमाणे शब्दाला शब्द स्टेशन डायरीत उतरवून घेतला. तेरा डबे राखणदारानेच नेले आहेत, त्याच्या खोलीची झडती घ्या, असा त्याचा मजकूर. झडती घेतली. काकाबाबूंच्या पत्र्याच्या ट्रंकेत धोतरांच्या घडीखाली हातभर लांबीचा फिल्मचा तुकडा मिळाला. एवढ्यावर त्यांना अटक झाली. स्टुडिओचे मालक फार वजनदार गृहस्थ होते. मंत्री त्यांच्याकडे जेवायला येत. संध्याकाळपर्यंत त्यांचा आमच्या डेप्युटी कमिशनर साहेबांना फोन आला आणि साहेबांचा मला आला. "म्हाताऱ्याकडून डब्यांचा पत्ता काढा आणि मोकळे व्हा."

बुधवारी सकाळी मी काकाबाबूंना कोठडीतून माझ्या खोलीत आणवले. आमचा जमादार वेताची छडी घेऊन दारात उभा राहिला. त्याला मी चहा आणायला पाठवले आणि चहा आल्यावर दार लावून घ्यायला सांगितले.

"काकाबाबू, डबे कुठे आहेत?"

"मला ठाऊक नाही, बाबू."

"खोली शेवटची कधी पाहिलीत?"

"सोमवारी सकाळी."

"तेव्हा चौदाही डबे होते?"

"होते."

"नंतर तुमच्या समोर कुणी आत गेलं?"

म्हातारा गप्प. मी तोच प्रश्न तीनदा विचारला. त्यांनी तीनदा खाली पाहिले. खोटे बोलायची सवय नसलेला माणूस लपवतो तेव्हा उत्तर देत नाही. सवय असलेला भरपूर उत्तरे देतो. हे काहीतरी लपवत आहेत, याची मला खात्री पटली, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी मला वाटले की साहेबांचेच बरोबर असावे.

मग मी सहज विचारले, "तुम्हाला आता भीती कशाची वाटते? तुरुंगाची?"

त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिले. डोळे भरून आले होते. "बाबू, मला हवं तर मारा. पण ते डबे जिथे असतील तिथे त्यांना ऊन लागू देऊ नका. ही फिल्म म्हणजे दारूगोळा. चैत्राचं ऊन सोसायचं नाही तिला. आधी घाम सुटतो, चिकट होते, वास येतो. मग एक दिवस आपली आपण पेटते. गार जागा लागते तिला. नेणाऱ्याला हे ठाऊक असेल का हो?"

मी अनेक आरोपी पाहिले होते. गेलेल्या मालाला ऊन लागेल म्हणून रडणारा चोर मी पाहिला नव्हता. चहा गार झाला, त्यांनी त्याला हात लावला नाही. मी त्यांना परत कोठडीत पाठवले आणि जमादाराला सांगितले, "यांच्या अंगाला बोट लावायचं नाही. आणि कोठडीत पाण्याचं मडकं ठेव."

ही सगळी गडबड झाली तेव्हा दीदी शहरात नव्हत्या. त्यांची आई काशीला आजारी होती, म्हणून सोमवारी संध्याकाळच्या गाडीने त्या गेल्या होत्या. तार मिळाल्यावर त्या परत निघाल्या आणि गुरुवारी सकाळी स्टेशनवरून घरी जाऊन थेट ठाण्यावर आल्या. मी त्यांना पडद्यावर कितीदा तरी पाहिले होते. समोर आल्या तेव्हा साधी पांढरी साडी, प्रवासाने विसकटलेले केस आणि हातात कापडात गुंडाळलेले काहीतरी. बाहेर कॉन्स्टेबलांची झुंबड उडाली होती. त्यांनी तिकडे पाहिलेही नाही. कापड सोडून एक गोल पत्र्याचा डबा माझ्या टेबलावर ठेवला.

"दारोगाबाबू, चौदावा हा."

मी डबा उचलून पाहिला.

"शेवटच्या रिळातला एक जोड मला पटत नव्हता," त्या म्हणाल्या. "माझ्या चित्रपटाची कात्री मीच चालवते. सोमवारी सकाळी काकाबाबूंकडून हा डबा घेतला, घरी जोड नीट केला आणि देवघरात गारव्याला ठेवून गाडी पकडली. मालकांच्या सहीशिवाय डबा बाहेर काढायचा नाही, असा करार आहे. काकाबाबूंनी माझ्यासाठी नियम मोडला आणि आता माझा करार मोडू नये म्हणून गप्प आहेत. ते चोर नाहीत. चोर म्हणायचं तर मला म्हणा."

मी ट्रंकेत मिळालेला फिल्मचा तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो खिडकीकडे धरला. मग हळूच म्हणाल्या, "हा या चित्रपटातला नाही. ही मी आहे, सोळा वर्षांची. माझ्या पहिल्या चित्रपटातला टाकून दिलेला तुकडा असेल. वेडा म्हातारा."

त्या गेल्यावर मी स्टेशन डायरी मागवली. मंगळवारचे पान काढले आणि निनावी फोनची नोंद पुन्हा वाचली. तेरा डबे. मॅनेजरच्या फिर्यादीत चौदा, नोंदवहीत चौदा, वर्तमानपत्रात चौदा. एक डबा आधीच बाहेर गेला आहे, हे काकाबाबू आणि दीदी सोडून मंगळवारी कुणालाच ठाऊक नव्हते. मग फोन करणाऱ्याला तेरा हा आकडा कुठून कळला? फळीवरून डबे उचलताना मोजले असतील तरच. ड्युटीवरच्या त्या अधिकाऱ्याला मी मिठाई खाऊ घातली. कंटाळून त्याने नुसते 'डबे नेले' असे लिहिले असते, तर हा धागा माझ्या हाताला लागलाच नसता.

चौदाव्या डब्याची गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही, साहेबांनासुद्धा नाही. हे नियमाला धरून नव्हते, पण साहेबांच्या टेबलावरचा फोन कुणाकुणाचा वाजतो हे मला माहीत होते. दीदींनाही गप्प राहायला सांगितले. काकाबाबूंना मात्र मी कोठडीच्या गजांआडून सांगितले की दीदी आल्या, सगळे सांगून गेल्या. म्हातारा गजांना कपाळ टेकवून उभा राहिला.

पुढचे चार दिवस नुसती पायपीट झाली. जुनी फिल्म वितळवून तिच्यातली चांदी काढणारे लोक चित्पूरकडे होते, त्यांच्याकडे फिरलो. मासे ठेवायची शीतगृहे पाहिली. काही मिळाले नाही. चोराने डबे जाळले असतील तर सगळेच संपले होते. पण जाळायचेच होते तर तिथल्या तिथे एक काडी पुरली असती. ज्याने ते उचलून नेले, त्याला ते हवे होते.

सोमवारी दीदी पुन्हा आल्या. या वेळी मागच्या दाराने. चेहरा उतरला होता.

"काल मालक घरी आले होते," त्या म्हणाल्या. "फार गोड बोलले. म्हणाले, माझी माणसं चोहीकडे आहेत, मी डबे शोधून आणीन. काकाबाबूंवरची फिर्यादही मागे घ्यायला लावीन. फक्त पडद्यावर दिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव हवं. त्यांचं म्हणणं, बाईच्या दिग्दर्शनाला लोक येणार नाहीत, आणि मला लहान वयात पडद्यावर आणून घडवलं ते त्यांनीच. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता कागदावर सही करायची आहे."

"तुम्ही काय ठरवलंत?"

"सोळाव्या वर्षापासून लोकांनी सांगितलं तिथे उभी राहिले, सांगितलं तसं रडले, सांगितलं तसं हसले. या एकाच चित्रपटात मी दुसऱ्यांना सांगितलं. ते नाव द्यायचं म्हणजे..." त्या थांबल्या. "पण म्हातारा तुरुंगात गेला तर ते नाव घेऊन मी काय करू? मी सही करणार, दारोगाबाबू."

मला आठवते, मी उठून उभा राहिलो होतो. "पाचला सही आहे ना? मग पाचपर्यंत करू नका. बुधवारचे पाच वाजेपर्यंत मला द्या."

असे सांगताना माझ्या हातात काहीही नव्हते. मालकांवर संशय आता पक्का झाला होता, पण मालकांच्या स्टुडिओत, घरी, गोदामात शोधायचे म्हणजे कारण हवे, वॉरंट हवे. आणि डबे नेमके कुठे आहेत ते हवे.

दुसऱ्या दिवशी मंगळवारी आमच्याकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. कलकत्त्यात आमची मराठी घरे मोजकी. कुणी रेल्वेतले, कुणी फोर्ट विल्यमला बदलून आलेले लष्करातले, काही आमच्यासारखे इथेच मुरलेले. त्यामुळे असल्या सणाला लांबलांबून बायका येत. मी दुपारी कपडे बदलायला म्हणून घरी डोकावलो तर स्वयंपाकघरात बायको आणि आई हताश होऊन बसल्या होत्या. आंब्याची डाळ तयार, पन्ह्याचा गर तयार, पण बर्फ नाही.

"अहो, काय सांगू," बायको म्हणाली, "आठ दिवसांपूर्वी सांगून ठेवलं होतं त्या बर्फवाल्याला. आज म्हणतो, वैनी, लादी शिल्लकच नाही. डायमंड हार्बर रोडकडच्या त्या बंद बागेतल्या बंगल्यात रोज सहा लाद्या जातात म्हणे. गेल्या सोमवारपासून. आणि राहतं कोण तिथे? कुणी नाही! माळीबुवा तेवढे. आता माळी काय बर्फात झोपतो?"

मी उभ्याउभ्या तिला दोनदा तेच वाक्य म्हणायला लावले. गेल्या सोमवारपासून. बंद बंगला. रोज सहा लाद्या.

"अरे, झालं काय तुला?" आई म्हणाली.

"आई, तुझी गौर पावली," एवढे म्हणून मी चप्पल घालून बाहेर पडलो. पन्हे त्या दिवशी बिनबर्फाचेच झाले. त्यावरून पुढे कितीतरी वर्षे मला ऐकून घ्यावे लागले.

बर्फवाल्याला गाठले. लाद्या बंगल्याच्या फाटकापर्यंतच नेतो, आत कधी सोडत नाहीत, असे तो म्हणाला. सांगावा घेऊन कोण आले होते, असे विचारले तेव्हा त्याने वर्णन केले: नाकावर सोनेरी चष्मा, तोंडात सतत लवंग. ते वर्णन मॅनेजरचे होते. बंगला कुणाचा हे पाहायला मी नगरपालिकेच्या कचेरीत गेलो. तो मालकांच्या सासुरवाडीकडून आलेला होता.

संध्याकाळी साहेबांपुढे उभा राहिलो. या वेळी चौदाव्या डब्यासकट सगळे सांगितले. ते चिडले आणि बराच वेळ चिडले. मग म्हणाले, "बर्फ हा पुरावा नव्हे. कुणाला लाद्या विकत घ्यायची बंदी नाही. मॅनेजरकडून काही निघालं तर वॉरंटसाठी मी स्वतः मॅजिस्ट्रेटशी बोलेन. नाही निघालं, तर उरलेली नोकरी गोदीत पोती मोजत काढायची. समजलं, बर्गी?"

"समजलं, साहेब."

बुधवारी सकाळी दहा वाजता मी मॅनेजरला बोलावले. आरोपी म्हणून नाही, जबाब पुरा करायला म्हणून. त्याला पंख्याखालची खुर्ची दिली, चहा दिला. असा माणूस आपण पोलिसांपेक्षा हुशार आहोत या समजुतीत असतो. ती समजूत मोडायची घाई करू नये. मी भोळा चेहरा करून म्हणालो, "साहेबांना एक शंका आहे. काकाबाबू सत्तरीला आले. त्यांनी एवढे चौदा डबे एकट्याने नेले कसे? कोर्टात वकील हेच विचारेल. तुम्ही अनुभवी आहात, तुम्हीच सांगा."

तो खुलला. लवंग गालात सारून म्हणाला, "त्यात काय अवघड? कपडेपटाच्या वेताच्या टोपल्या रोज गेटवरून जातात, दरवान उघडून पाहत नाही. खाली डबे, वर साड्या. दोन टोपल्यांत काम होतं. एकीत सात, दुसरीत सहा."

मी जबाब लिहून घेत होतो. हात तसाच चालू ठेवला. वाक्य पुरे केले, पूर्णविराम दिला आणि मग वर पाहिले.

"सात आणि सहा किती, मॅनेजरबाबू?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"फिर्यादीत तुम्ही चौदा लिहिलेत. चौदावा कुठल्या टोपलीत होता?"

"म्हणजे... सात आणि सात म्हणायचं होतं मला."

"फोनवरही तेराच म्हणाला होतात."

"कसला फोन?"

मी टेबलाचा खण उघडला आणि दीदींनी आणून दिलेला डबा त्याच्यापुढे ठेवला. "चौदावा तुमच्या हाताला लागलाच नाही, कारण तो फळीवर नव्हताच. हे चोराला माहीत होतं, फिर्याद लिहिणाऱ्याला माहीत असायचं कारण नव्हतं. आणि एक सांगा, बंगल्यावर आज बर्फ पोचला का? ऊन फार आहे."

मी टाक दौतीत बुडवून वाट पाहत राहिलो. अशा वेळी पोलिसाने तोंड बंद ठेवावे. मग तो एकदम म्हणाला, "मी नोकरमाणूस आहे, बाबू. मालकांनी त्यांची किल्ली माझ्या हातात दिली, मी काय करणार होतो?" पुढचा जबाब त्याने आपणहून दिला. सोमवारी स्टुडिओतली सगळी मंडळी नाचाचा मोठा देखावा पाहायला सेटवर जमली असताना, भर दुपारी, त्याने डबे काढले होते.

साहेबांनी शब्द पाळला. बाराच्या सुमारास झडतीचे वॉरंट माझ्या हातात होते. बंगला बेहालात होता आणि बेहाला तेव्हा आमच्या हद्दीत नव्हते, तिथले ठाणे जिल्हा पोलिसांचे. त्यांचा अधिकारी सोबत घेतला, दोन साक्षीदार घेतले आणि काकाबाबूंनाही गाडीत बसवले. साहेबांनी भुवया उंचावल्या, पण डबे उघडायचे कुणी? चुकीच्या हाताने काही झाले असते तर सगळ्या श्रमांवर पाणी पडले असते.

बंगल्याच्या फाटकापाशी मालकांची मोटार उभी होती. त्यांना बातमी लागली होतीच. ओसरीवर ते काठी टेकून उभे होते, कलप लावलेले केस, अंगात रेशमी पंजाबी, म्हणजे बंगाली पद्धतीचा कुडता.

"तुम्हाला ठाऊक आहे तुम्ही कुणाच्या दारात उभे आहात?"

"ठाऊक आहे. वॉरंटवर पत्ता लिहिलेला आहे," मी म्हणालो आणि कागद त्यांच्या हातात दिला.

उत्तरेकडची शेवटची खोली. दाराला ओले वाळ्याचे पडदे. आत शिरलो तेव्हा त्या भाजणाऱ्या दुपारी अंगावर काटा आला. जमिनीवर जस्ताच्या परातींत भुशात ठेवलेल्या लाद्या, छताला पंखा, आणि मधोमध लाकडी फळ्यांवर, ओल लागणार नाही अशा उंचीवर, गोल डबे एकावर एक. साक्षीदारांसमोर मोजले. तेरा.

काकाबाबू पुढे झाले. आठ दिवसांच्या कोठडीने ते वाकले होते, पण हात स्थिर होते. धोतराच्या सोग्याला बोटे पुसून त्यांनी पहिला डबा उघडला, नाकाजवळ नेला, कडेने एक वेटोळे उचलून खिडकीच्या उजेडात पाहिले आणि झाकण लावले. मग दुसरा. मग तिसरा. आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो, जिल्ह्याचे अधिकारीसुद्धा. तेरावा डबा बंद करून ते माझ्याकडे वळले. "चांगली आहे, बाबू. सगळी चांगली आहे." आणि मग मालकांकडे पाहून, राग नाही की काही नाही, म्हणाले, "आपण नीट ठेवलीत. पण आपली नव्हती ती."

मालक खुर्चीत बसले. मघाचा तोरा गळून पडला होता. "मी तिला घडवली," ते दोनदा म्हणाले.

साडेचार वाजता मी दीदींच्या घरी पोचलो. करारनामा टेबलावर होता, शेजारी दौत-लेखणी, आणि मालकांचा वकील घड्याळाकडे पाहत बसलेला. मी वकिलाला म्हणालो, "तुमचे अशील आमच्याकडे आहेत. तुम्ही तिकडे गेलात तर बरं." तो कागद गोळा करून निघाला. दीदी माझ्याकडे पाहत होत्या, विचारायचा धीर होत नव्हता.

"तेराही मिळाले," मी म्हणालो. "काकाबाबूंनी तपासले. एकालाही धक्का नाही. ते खाली गाडीत आहेत."

त्या अनवाणीच जिना उतरून गेल्या. एवढी मोठी नटी भर रस्त्यात एका म्हाताऱ्याच्या पायांवर डोके ठेवते आहे, हे पाहून जाणारी ट्राम थांबली. खोटे वाटेल, पण कंडक्टर खाली उतरून उभा राहिला होता. काकाबाबू 'अरे, अरे, ऊठ, लोक बघतायत' एवढेच म्हणत राहिले.

निगेटिव्ह मुद्देमाल म्हणून कोर्टात अडकली असती तर चित्रपट वेळेवर लागला नसता. साहेबांनी स्वतः मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहून ती जामिनावर सोडवून घेतली. त्यांनी त्याआधी कधी तसे केले नव्हते, नंतरही नाही. मालक आणि मॅनेजर दोघांना शिक्षा झाली. मालकांनी मोठे वकील दिले, वरच्या कोर्टात गेले, पण शिक्षा कायम राहिली.

चित्रपट ठरल्या दिवशी लागला. मी बायकोला घेऊन गेलो होतो. काकाबाबू पहिल्या रांगेत, दीदींशेजारी. पडद्यावर 'दिग्दर्शन' अशी अक्षरे आली आणि त्याखाली त्यांचे नाव आले, तेव्हा थिएटर असे उसळले की पुढची दोन मिनिटे संवाद ऐकूच आले नाहीत. काकाबाबूंनी मान वळवून सगळ्या प्रेक्षकांकडे पाहिले. नंतर कळले की बावीस वर्षांत त्यांनी थिएटरमध्ये बसून एकही चित्रपट पाहिला नव्हता. चित्रपट पंचवीस आठवडे चालला. दीदींनी पुढे आणखी तीन केले.

पुढे प्रशिक्षण केंद्रात नव्या अधिकाऱ्यांना शिकवायची पाळी आली, तेव्हा मी ही केस पहिल्याच दिवशी सांगत असे. तुम्ही माणसाला 'तू काय केलंस' असे विचारता, तेव्हा तो वकिलाचा सल्ला आठवतो. 'तुला काळजी कशाची वाटते' असे विचारा. निरपराध माणूस स्वतःला विसरून भलत्याचीच काळजी सांगेल, आणि त्या काळजीतच तपासाची दिशा असेल. काकाबाबूंनी मला ती दिशा दिली, छडीशिवाय, पहिल्याच बैठकीत. मी त्यांना मारले असते तर त्यांनी काही कबूल केले असते की नाही, ते देव जाणे. पण चित्रपट नक्की गेला असता आणि एक खरा माणूस चोर म्हणून मेला असता. नोकरीच्या उरलेल्या वर्षांत मी एकाही माणसावर हात उचलला नाही. माझ्या निकालांत त्यामुळे काही कमी पडले, असे माझ्या खात्यातला कुणीही म्हणणार नाही.